उरलेल्या ओळी

पहाटे वारा पडला आणि वहिनी दचकून जागी झाली.

आठवडाभर त्या वाऱ्यानं जीव नकोसा केला होता. खिडक्या वाजत होत्या, वाळत टाकलेले कपडे कुंपणापलीकडे जात होते आणि घरातलं प्रत्येक माणूस त्याला शिव्या घालत होतं. पण वारा होता तोवर थंडी जमिनीवर बसत नव्हती. आता आभाळ घासून ठेवलेल्या ताटासारखं लख्ख दिसत होतं. अशा दिवसाची रात्र काय करते, हे या घरात कुणाला सांगावं लागत नसे.

दादा मागच्या दारानं आत आला. त्यानं बूट पायरीवर काढून ठेवले आणि चुलीपाशी हात धरून उभा राहिला.

“वारा पडला,” तो म्हणाला.

“दिसलं मला.”

“आज रात्री जमीन गोठणार. खालची पट्टी अख्खी आत आहे अजून.”

वहिनीनं चुलीत लाकूड सारलं. या घरात तिला सगळे वहिनी म्हणत, एक दादा, तिचा नवरा, सोडून. तो तिला काहीच म्हणत नसे, नुसतं ‘अगं’ म्हणून काम भागवत असे, आणि तेवढ्यात तिला सगळं कळत असे. आत्ताही कळलं. बटाट्यांचा पाला कापून बरेच दिवस झाले होते, जमिनीत साल पक्की झाली होती, एव्हाना सगळा माल वर यायला हवा होता. पण सासऱ्यांनी, आबांनी, अंथरूण धरलं आणि घोडं अडलं. वरची पट्टी दादानं एकट्यानं काढली. खालची राहिली. आणि खालची पट्टी म्हणजे हिवाळ्यातलं खाणं आणि पुढचं बियाणं. गेल्या वर्षी साठवणीच्या खड्ड्यातला अर्धा माल सडला होता, तेव्हा जुनं म्हणून काही शिल्लक नव्हतं.

टेबलाशी दादाचा धाकटा भाऊ चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसला होता. शहरात त्याचं गॅरेज होतं. काल संध्याकाळी तो गाडी घेऊन आला तो बहिणीला, शिवणकाम करणाऱ्या ताईला, घेऊनच. ताई आत्ता खिडकीपाशी पाठमोरी उभी होती. आल्यापासून ती स्वयंपाकघर आणि माळ्यावरची खोली सोडून कुठं गेली नव्हती. मधल्या खोलीत आबा होते, आणि त्या दारावरून जाताना ती पावलं हलकी टाकत होती.

“मी गाडी कशाला आणलीय मग?” धाकटा म्हणाला. “आबांना मागच्या सीटवर झोपवू, उशा लावू, दुपारच्या आत हॉस्पिटलात. तिथे निदान डॉक्टर तरी आहेत.”

“रस्त्यात जातील ते,” दादा म्हणाला.

“आणि इथे?”

“इथे घरात जातील.”

धाकट्यानं कप खाली ठेवला. “तू असं बोलतोस जणू ठरलंच आहे.”

“दवाखान्यातली बाई परवा येऊन गेली. तिनं काय सांगितलं ते वहिनीला विचार.”

“मला ऐकायचं नाही. मला प्रयत्न करायचाय.”

“तुझा प्रयत्न म्हणजे त्यांची हाडं खिळखिळी. तो रस्ता तू काल पाहिलास ना?”

ताई खिडकीकडे तोंड ठेवूनच म्हणाली, “दादाला रस्त्याची काळजी नाही. त्याला खालच्या पट्टीची आहे. बटाटे आधी, माणसं नंतर. या घराची जुनीच रीत आहे ती.”

दादाचा चेहरा उतरला. वहिनीनं चुलीवरचं भांडं उगाच सरकवलं. ताई काय म्हणत होती ते सगळ्यांना माहीत होतं. काही वर्षांपूर्वी ऐन हिवाळ्यात खड्ड्यातून वास यायला लागला, तेव्हा आईनं तो उघडून दिवसच्या दिवस थंडीत बसून नासके बटाटे निवडून काढले. छाती भरली ती उतरलीच नाही. आई गेली त्या दिवशी, तिच्या उशाशी उभं राहून, ताई आबांना म्हणाली होती, ‘बटाटे वाचवलेत तुम्ही. आई घालवलीत.’ आबांनी त्यावर एक शब्द काढला नाही, आणि त्यानंतर तिच्याशी कधीच काढला नाही. तिचा फोन आला की ते तो न बोलता वहिनीच्या हातात देत. वहिनीच मग इकडचं तिकडे सांगे, आणि सांगताना दोन्हीकडची धार जरा बोथट करे.

“आबांना विचारलंय का कुणी?” ती आता म्हणाली.

तिघांनीही तिच्याकडे पाहिलं. धाकट्याच्या नजरेत होतं, की ही कोण मध्ये बोलणारी. तो बोलला मात्र नाही. इतके दिवस आबांची कूस बदलणारे हात तिचे होते.

“जागे आहेत ते,” ती म्हणाली. “मघाशी खोकले. भिंत काही जाड नाही आपली. सगळं ऐकलं असणार.”

सगळे आत गेले. ताई शेवटी गेली आणि दाराच्या चौकटीतच थांबली.

आबांचा पलंग वहिनीनं केव्हाच खिडकीशी सरकवला होता. पांघरुणाखाली माणूस आहे की नुसत्या घड्या आहेत, असा प्रश्न पडावा इतके ते आटले होते. डोळे तेवढे शाबूत होते. ते बाहेर आभाळाकडे बघत होते.

“वारा पडला,” आबा म्हणाले.

“हो,” दादा म्हणाला.

“किती राहिलंय?”

“खालची पट्टी. सगळी.”

“मग इथं काय उभे आहात? मी पळून जात नाही.”

धाकटा पुढे झाला. “आबा, गाडी आणलीय मी. शहरात चांगला डॉक्टर आहे. तुम्ही हो म्हणा, बाकी मी बघतो.”

आबांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं, मायेनंच पाहिलं. “तू गाड्या बऱ्या करतोस,” ते म्हणाले. “या गाडीचं आता काही करायचं नाही. जा, दादाला मदत कर.”

धाकटा मागे सरकला. त्यानं मान वळवली. तेव्हा आबांची नजर त्याच्या खांद्यावरून दाराकडे गेली.

“तुला अजून बटाटे काढता येतात का?” आबांनी विचारलं. “का शिलाईच्या सुईखेरीज हातात काही धरवत नाही?”

ताईनं चौकट धरली. “येतात,” ती म्हणाली.

“कुदळीनं कापायचीस पूर्वी. दर ओळीत चार तरी.”

“लहान होते तेव्हा.”

“मग जा. आणि कापू नकोस.”

एवढंच. पण ताई स्वयंपाकघरात आली ती दुसरीच बाई होऊन आली. तिनं विचारलंही नाही, आईचे जुने बूट खुंटीखालून ओढले, पायात घातले आणि दादाच्याही आधी बाहेर पडली. मघाशी आपल्या बाजूनं बोलणारी बहीण अशी दादाच्या बाजूला गेलेली पाहून धाकटा क्षणभर तसाच उभा राहिला. मग त्यानंही बाह्या सरसावल्या.

*

वहिनी मागं राहिली. कुणी तसं ठरवलं नव्हतं. औषध कोणतं, पाणी किती, कूस कोणत्या अंगावर, हे तिलाच माहीत होतं. खिडकीतून खालची पट्टी पुरती दिसत होती. दादा कुदळ ओळीच्या कडेला लांब घालायचा, बुडापासून माती उचलायचा आणि हलकेच उलटायचा. ताई गुडघ्यांवर बसून दोन्ही हातांनी ती माती चाळत होती, बटाटे ओळीनं बाजूला मांडत होती. उन्हात जरा सुकल्यावर धाकटा ते टोपलीत भरून निवडत होता. धड ते खड्ड्यात, कापले गेलेले आधी खायला वेगळे, हिरवे पडलेले बियाण्याला. सुरुवातीला तो टोपली ओतत होता तशी दादानं हाक मारली, “अरे, दगड नाहीत ते. आपटलेला बटाटा आतून काळा पडतो.” धाकटा पुटपुटला काहीतरी, पण पुढची टोपली त्यानं वाकून हातानं रिकामी केली.

सूर्य वर आल्यावर शेजारचे सुतारकाका आपली हातगाडी ढकलत आले. आबांच्याच वयाचे. कुंपणावरच्या एका झाडावरून दोघांनी जन्मभर भांडण केलं होतं, आणि त्याच झाडाखाली बसून जन्मभर गप्पा मारल्या होत्या. बोलावलं नसताना ते आले आणि टोपल्या गाडीवर चढवू लागले.

“कोण आलं?” आबांनी विचारलं.

“सुतारकाका.”

“लबाड आहे. अर्धं काम झाल्यावर येतो.”

वहिनी हसली. तिनं त्यांच्या ओठांना ओला कापूस लावला.

“खड्ड्यात पेंढा कोरडा घातला ना?”

“कोरडाच. ह्यांनी वर ताडपत्री टाकून ठेवली होती.”

“गेल्या वर्षी ओलसर होता. मी पाहिलं होतं. म्हटलं, चालेल.” ते थांबले, दम खाल्ला. “आणि पहिले काही दिवस वरून माती दडपू नका. घाम सुटतो त्यांना. मधोमध पेंढ्याची पेंढी उभी ठेवा, वाफेला वाट पाहिजे.”

“माहीत आहे आबा. दरवर्षी ठेवतो.”

“माहीत आहे तुला. मी माझ्यासाठी बोलतोय.”

बराच वेळ ते डोळे मिटून पडून राहिले. वहिनीला वाटलं झोप लागली. तेवढ्यात ते म्हणाले, “ती बरोबर बोलली होती.”

“कोण?”

“पोर. तिच्या आईबद्दल. मी आईला म्हणायला हवं होतं, ऊठ, सडले तर सडू देत. मी म्हटलं नाही. मीसुद्धा तिच्या शेजारी बसून निवडत होतो, आणि मला तिचा खोकला ऐकू येत होता.” त्यांचा श्वास भरून आला. “ती खरं बोलली म्हणून मला तिच्याशी बोलता येईना. खोटं बोलली असती तर भांडलो असतो.”

वहिनीनं त्यांचा हात धरला. “तिला बोलावू का?”

“काम होऊ दे. संध्याकाळी सांगतो.”

पण दुपार कलली तसा श्वास बदलला. आत जायचा तो अडखळत, बाहेर यायचा तो उशिरानं. वहिनीनं आपल्या आईला जाताना पाहिलं होतं, त्यामुळे हा आवाज तिच्या ओळखीचा होता. ती उठून दादाला हाक मारणार तोच आबांनी डोळे उघडले.

“बोलव तिला,” ते म्हणाले.

वहिनी मागच्या पायरीवर आली. “ताई,” तिनं हाक मारली, “जरा या ना.”

आबा घाबरू नयेत, म्हणून तिनं आवाज साधा ठेवला होता. कदाचित तिथंच चुकलं. ताईनं ओळीतून मान वर केली. तिच्या गालाला माती लागली होती, केस सुटले होते, आणि इतक्या वर्षांत वहिनीनं तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

“एवढी ओळ संपवून आले,” ती ओरडून म्हणाली. “आबांना सांग, एकही कापला नाही.”

वहिनीला पुन्हा हाक मारायची होती. पण आतून खोकल्याचा आवाज आला आणि ती धावत आत गेली. तिनं आबांना पाठीमागून आधार दिला, उशी उंच केली.

“येतायत ताई. ओळ संपवतायत. म्हणाल्या, एकही कापला नाही.”

“बरं,” आबा म्हणाले.

आणि पुढचा श्वास आलाच नाही. वहिनी त्यांना तसंच धरून वाट पाहत राहिली. मग तिनं त्यांना हळूच खाली ठेवलं, डोळे मिटले, पांघरूण छातीपर्यंत नीट केलं.

*

ती दाराशी गेली. कडीवर हात ठेवला. आता हाक मारायची, एवढंच करायचं होतं.

खाली तिघं एका रांगेत वाकलेले होते. ऊन पिवळं पडलं होतं. पट्टीचा निम्म्याहून थोडा कमी भाग अजून तसाच होता, माती उंच, न हललेली. हाक मारली की कुदळी जिथल्या तिथे पडणार होत्या. मग कुणी शेतात परतणार नव्हतं, आणि कुणी परत जा म्हणणारही नव्हतं. वर काढून ठेवलेले ढीग उघड्यावर राहणार, पहाटेपर्यंत आतपर्यंत गोठणार, आणि ऊन लागलं की पाणी सोडणार. जमिनीतले वरच्या थरातले गोठतील ते वेगळेच. मग ऐन हिवाळ्यात, रस्ता बंद असताना, ती आणि दादा काय खाणार होते? पेरायला काय उरणार होतं? तिनं हे सगळं विचार करून मांडलं असं नाही. तिला पट्टी दिसली आणि हात कडीवरून खाली आला.

ताई मात्र ओळ संपवून आली. झपाझप, बूट वाजवत, हात झटकत. वहिनी पायरीवर तिच्या आडवी आली.

“काय म्हणत होते?”

“झोप लागलीय त्यांना,” वहिनी म्हणाली. “आत्ताच. शांत झोपलेत.”

ताईनं तिच्या खांद्यावरून आत पाहायचा प्रयत्न केला. “बरेच दिवसांनी लागली असेल ना?”

“हो.”

“मग राहू दे. उगाच उठवायला नको.” ती वळली, पुन्हा थांबली. “माझ्याशी बोलले ते. ऐकलंस ना तू सकाळी?”

“ऐकलं.”

“ओळी संपवते सगळ्या, मग निवांत बसेन त्यांच्याशी.”

ती उतरून गेली. वहिनीनं दार लावलं आणि दाराला पाठ टेकून उभी राहिली. आतापर्यंत तिनं फक्त बोलायचं टाळलं होतं. आता ती तोंडानं खोटं बोलली होती, आणि ते परत घेता येणार नव्हतं.

थोड्या वेळानं सुतारकाका पोती न्यायला आले. मधल्या खोलीच्या दारावरून जाताना त्यांनी सवयीनं आत डोकावलं आणि तिथेच थांबले. मग टोपी काढली.

“केव्हा?”

“मघाशी.”

“यांना सांगितलं नाहीस.”

“नाही.”

काकांनी खिडकीतून खाली पाहिलं. टोपी हातात फिरवत राहिले. वहिनीला वाटलं, आता हे ओरडतील नाहीतर रडतील, आणि दोन्हींत खेळ संपेल.

“चूक करतेय का मी, काका?”

“मला विचारू नकोस. मला हो म्हणायचंय, नाही पण म्हणायचंय.” त्यांनी नाक पुसलं. “यानं स्वतः काय केलं असतं ते मला ठाऊक आहे. पण हा काही दरवेळी बरोबर नसायचा.” ते पलंगाजवळच्या खुर्चीवर बसले. “मी बसतो इथे. एकटा ठेवायचा नाही त्याला. तू जा, तुझे हात माझ्यापेक्षा चलाख आहेत.”

वहिनी शेतात उतरली तेव्हा दादानं कुदळ टेकवून तिच्याकडे पाहिलं.

“आबा?”

“काका बसलेत त्यांच्यापाशी. पाठ दुखतेय म्हणाले.”

दादा एक क्षण तिच्या तोंडाकडे बघत राहिला. मग त्यानं मान खाली घातली आणि कुदळ मारली. त्यानंतर तो थांबला नाही. घोटभर पाण्यालाही थांबला नाही. धाकटा एकदा म्हणाला, “दादा, अरे, दमानं घे.” त्यानं ऐकलंच नाही. वहिनी ताईच्या शेजारी गुडघ्यांवर बसली आणि माती चाळू लागली. वर थंड, खाली अजून उन्हाची ऊब धरून असलेली माती. ताई बोलत होती. लहानपणी आबा तिला ओळीच्या टोकाला उभं करून म्हणायचे, माझ्याआधी पोचलीस तर तुला खांद्यावर घेऊन घरी नेतो. “आणि मुद्दाम हळू चालायचे,” ती म्हणाली. “मोठी झाल्यावर कळलं.” वहिनी हं म्हणत राहिली. तिच्या बोटांना काय लागत होतं, बटाटा की दगड, ते तिला धड कळत नव्हतं.

*

अंधारून आलं तेव्हा शेवटची ओळ उलटली. सुकलेला माल खड्ड्यात पेंढ्याच्या थरांवर गेला, वर जाड पेंढा, त्यावर मातीचा पातळ थर, मधोमध पेंढी. शेवटचे बटाटे ओलेच होते, ते शेडमध्ये जमिनीवर पसरून वर पोती टाकली. हवेत श्वासाची वाफ दिसायला लागली होती. धाकटा रिकाम्या खोक्यावर बसला आणि दोन्ही हात पाठीवर ठेवून कण्हला. “गॅरेज परवडलं,” तो म्हणाला. ताई हसली.

“थांबा जरा,” वहिनी म्हणाली. “घरात जायच्या आधी सांगायचंय. आबा गेले.”

धाकट्याचे हात पाठीवरून खाली आले.

“दुपारी गेले. मी जवळ होते. त्रास झाला नाही.”

“दुपारी?” धाकटा उभा राहिला. “दुपारी म्हणजे काय, वहिनी? आत्ता अंधार पडलाय.”

“मी सांगितलं नाही तुम्हाला.”

“का?”

तिनं पोत्यांकडे हात केला.

ताई हळूहळू म्हणाली, “मी आले होते. पायरीवर आले होते मी. तू म्हणालीस झोप लागलीय.”

“हो.”

“तेव्हा?”

“तेव्हा गेले होते.”

“आणि मला परत पाठवलंस. बटाटे काढायला.” ताईचा आवाज चढला नाही, उलट बसला. “शेजारी बसलीस माझ्या. मी त्यांच्या गोष्टी सांगत होते आणि तू हं म्हणत होतीस.”

“सख्खा बाप होता आमचा,” धाकटा म्हणाला. “तुला कुणी हक्क दिला?”

“तिला एकटीला बोलू नकोस,” दादा म्हणाला. तो दाराशी उभा होता. “मला माहीत होतं.”

वहिनीनं चमकून पाहिलं.

“तू शेतात उतरलीस तेव्हाच कळलं,” तो तिला म्हणाला. “काकांची पाठ आजवर कधी दुखलेली नाही.” मग भावाकडे वळला. “मीही थांबलो नाही. काय बोलायचं ते मलाही बोल.”

धाकट्यानं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं आणि तो घराकडे निघाला. दादा त्याच्या मागोमाग गेला. थोड्या अंतरावर दोघं बरोबर झाले, आणि अंधारात दादानं त्याच्या पाठीवर हात ठेवलेला दिसला. धाकट्यानं तो झटकला नाही.

शेडमध्ये दोघी राहिल्या.

“तू हाक मारलीस ती कशाला?” ताईनं विचारलं. “मी ओळीत असताना. जरा या म्हणालीस.”

वहिनीला हा प्रश्न येणार हे दुपारपासून माहीत होतं. उत्तरही तिनं तयार ठेवलं होतं.

“चहा टाकला होता,” ती म्हणाली.

ताईनं मान हलवली. मग ती पोत्यांच्या कडेला खाली बसली. “म्हणजे त्यांनी नाही बोलावलं,” ती म्हणाली. “मला वाटलं होतं, सकाळी बोलले तर… पण ते कामाला लावणंच होतं नुसतं. जाताना त्यांना मी नको होते.”

वहिनी तिच्यासमोर खाली बसली. तिला वाटलं होतं, एका खोट्यानं ताईचं, बापाच्या हाकेला उशीर केल्याचं, दुःख वाचेल. त्या खोट्यानं तिच्या पदरात याहून मोठं दुःख घातलं होतं. सगळ्यांसमोर ऐकून घेताना एवढं जड गेलं नव्हतं.

“चहा नव्हता,” ती म्हणाली. “त्यांनीच बोलावलं होतं तुम्हाला. ‘बोलव तिला’ म्हणाले. मी साधी हाक मारली, तुम्हाला घाई कळली नाही. त्यात तुमची चूक नाही. पण तुम्हीच हव्या होतात त्यांना, शेवटी तुम्हीच.”

ताईचे हात मांडीवर उपडे पडले.

“आणि सकाळी म्हणाले, ती बरोबर बोलली होती. आईबद्दल. खरं बोलली म्हणून मला तिच्याशी बोलता येईना, असं म्हणाले. संध्याकाळी ते स्वतः सांगणार होते तुम्हाला.”

बाहेर घराचं दार वाजलं, दिवा लागला. ताईनं त्या उजेडाकडे पाहिलं. मग म्हणाली, “माझा निरोप सांगितलास त्यांना?”

“सांगितला.”

“काय म्हणाले?”

“‘बरं’ म्हणाले. तेच शेवटचं.”

ताई उठली. वहिनीनं गरम पाणी ठेवलं होतं, पण ती हात न धुताच मधल्या खोलीत गेली. सुतारकाका बाहेर आले आणि त्यांनी दार ओढून घेतलं. मग आतून ताईच्या रडण्याचा आवाज आला. वहिनी पाण्याचं भांडं घेऊन दाराबाहेर उभी राहिली, ते निवेपर्यंत.

सकाळी जमीन दगडासारखी झाली होती. खालच्या पट्टीत उलटलेली ढेकळं पांढरी पडली होती, दादा त्यावर चालला तशी बुटाखाली कडकड वाजली. धाकटा गाडी घेऊन लोकांना कळवायला निघाला होता, जाताना तो वहिनीकडे न बघता ‘येतो’ म्हणाला. नुसतं म्हणाला, तेवढंही तिला पुरेसं वाटलं.

ती चूल पेटवायला वाकली तेव्हा ताई आत आली. डोळे सुजलेले, अंगावर कालचेच कपडे. तिनं वहिनीच्या हातातून काडेपेटी काढून घेतली.

“तू बस. आज चूल मी बघते.”

“अहो, मी करते ना.”

“बस म्हटलं.” तिनं काडी ओढली, लाकडांना ज्योत धरेपर्यंत वाट पाहिली. “मी तुला माफ केलेलं नाही, वहिनी. करेन की नाही तेही माहीत नाही.”

“बरोबर आहे.”

ताईनं भांडं चुलीवर ठेवलं, त्यात पाणी ओतलं. मग फळीवरचे डबे एकेक उघडून पाहू लागली. तिच्या आईच्या वेळची मांडणी केव्हाच बदलली होती.

“मीठ कुठं ठेवतेस तू?”

“खाली,” वहिनी म्हणाली. “डावीकडे. झाकण घट्ट बसतं त्याचं, जोर लावावा लागतो.”